गोधडीखालचा सौदा

मलनबी, तू गेल्याची बातमी मला कळमनुरीच्या बाजारात कळली आणि तुझ्यापायी माझी एक चांगली शेळी मातीमोलानं गेली. हे आधी सांगते, कारण तक्रारीपासून सुरुवात केली नाही तर ही मीच बोलते आहे यावर तुझा विश्वास बसायचा नाही.

काळी शेळी होती, कपाळावर चांदणी, दुसऱ्या वेताची. शिरड शहापूरचं एक गिऱ्हाईक सकाळपासून तिच्याभोवती घिरट्या घालत होतं. मी त्याला तीनदा हाकललं, तो तीनदा परत आला. म्हणजे सौदा पिकत आला होता. तेवढ्यात आपल्या कुरुंद्याचा गाडीवाला शेजारून म्हणाला, "अवो, तुमची दाई गेली की पहाटं." मी गिऱ्हाइकाला म्हणाले, "ने." तो म्हणाला, "कितीला?" मी म्हणाले, "तू म्हणशील तेवढ्याला." बिचारा घाबरलाच. त्यानं शेळीचे दात पुन्हा पाहिले, कास दाबली, शेपूट उचलून पाहिलं.

"बाई, हिला काही रोग हाय का?"

"रोग मला झालाय," मी म्हणाले, "ने म्हणते ना!"

गावात पोचले तेव्हा तुमच्या घरची माणसं माती देऊन परत येत होती. अंगणात बायका दाटून बसल्या होत्या. मी दारातूनच फिरले. रडायला आत येता आलं असतं, पण मला जे बोलायचं होतं ते त्या गर्दीत बोलायचा धीर होईना. म्हणून लिहिते आहे. ही अक्षरं मी पोरीच्या पाटीवर तिच्याबरोबर गिरवली. ती सात वर्षांची, मी पंचविशीची. तू तेव्हा पोट धरून हसली होतीस. "बोलून पोट भरंना म्हनून आता लिहून भांडतीस का गं सौदागरनी?"

व्हय. लिहून भांडते.

भांडण तेच, आपलं जुनं. पाचवीच्या दिवशी तू माझं लेकरू मला न विचारता उचलून नेलंस आणि तुझ्या सुनेच्या पदराखाली घातलंस. अकरा वर्षं हे वाक्य मी पाणवठ्यावर म्हटलं, बाजारात म्हटलं, लोकांच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत म्हटलं. आणि प्रत्येक वेळी तू पदरानं तोंड पुसत एकच उत्तर दिलंस, "व्हय माय, न्हाई इचारलं. चुकलं."

चिडायची नाहीस, उलटून बोलायची नाहीस. असल्या माणसाशी भांडताना दम किती लागतो, तुला ठाऊक नाही.

मी तुझ्या हाताखाली आले तेव्हा अठरा वर्षांची होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माझी आई मी लहान असतानाच गेली होती, म्हणून ते सासरीच झालं. बाप जनावरांचा दलाल. बाजार ते बाजार फिरणारा. त्यानं मला वाढवलं ते बैलांच्या आणि शेळ्यांच्या पायांत. त्यामुळं मला भाकरी नीट थापता येत नव्हती, पण रुमालाखालचा भाव कळत होता. जनावरांच्या बाजारात दर मोठ्यानं सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरायची. एक बोट, दोन बोटं, अर्धं बोट. पटलं तर तळवा दाबायचा, नाही पटलं तर हात झटकायचा. आजूबाजूला वीस माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. आणि रुमालाखाली जे ठरलं ते रुमालाखालीच राहतं. बाहेर बोलेल तो दलाल नव्हे, असं माझा बाप म्हणायचा.

तुझा नवराही त्याच बाजारात शेळ्यांचा धंदा करायचा. पण तुला ती बोटं येतात हे मला माहीत नव्हतं.

लेकरू झालं ते मात्र सोपं झालं. तूच म्हणालीस, "शेळीवानी मोकळी झालीस." मुलगी बघून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, नाक मुरडलं नाही, गूळ वाटला. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, डोक्याला फडकं, कानात कापूस, डिंकाचे लाडू. सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त मी जिथल्या तिथं नव्हते.

तिसऱ्या दिवशी दूध आलं आणि त्याच्याबरोबर रडू आलं. कशासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही. लाडू आवडला म्हणून रडले, लाडू संपला म्हणून रडले. नवरा दारातून डोकावून हसला म्हणून मी त्याच्यावर ओव्याची वाटी फेकली, आणि तो निघून गेला म्हणून पुन्हा रडले. लेकराला शेजारच्या बायका हसत हसत खेळवायच्या आणि मी भिंतीकडं तोंड करून पडायची. ते रडायला लागलं की माझ्या छातीत दगड व्हायचे आणि अंगावर काटा यायचा. ते मला माझं वाटत नव्हतं. कुणाचं तरी माझ्या बाजेवर ठेवलंय आणि नेणारं माणूस यायचं विसरलंय, असं वाटायचं. चौथ्या दिवशी माझ्या मनात असं एक आलं की ते मी इथंही लिहीत नाही. त्यानंतर मी डोळाच मिटला नाही. माझे हात मी गोधडीत दाबून धरले होते.

घरात कुजबूज सुरू झाली. बाहेरचं लागलंय म्हणे. आत्याबाईंचं ठरलं होतं, पाचवी झाली की सहाव्या दिवशी देवऋषी बोलवायचा. तो काय करतो हे मला माहीत होतं. शेजारच्या गल्लीतल्या एका बाळंतिणीला त्यानं मिरच्यांची धुरी दिली होती.

पाचवीला सकाळी तू तेल लावायला आलीस. आत्याबाई चार हातांवर तांदूळ निवडत बसल्या होत्या, कान सगळे आमच्याकडं. तू माझ्या पोटऱ्या चोळल्यास, मग गोधडी माझ्या गळ्यापर्यंत ओढलीस आणि आत हात घालून माझी मूठ शोधलीस. मला वाटलं नाडी बघते आहेस. तू माझी बोटं एकेक करून उलगडलीस आणि धरलीस. बाजारातली पकड! मी चमकून तुझ्याकडं पाहिलं. तू तोंडानं आत्याबाईंशी तांदळातल्या खड्यांबद्दल बोलत होतीस.

मग खाली वाकून, माझ्या कानातला कापूस सारखा करताना, तू एवढंच म्हणालीस, "रडनं किती बार?"

मी तुझी पाचही बोटं धरली. मग परत पाच. मग परत. तू माझा हात थांबवलास. म्हणजे, बास, कळलं.

त्यानंतर काय झालं ते मी शेवटी सांगते. आधी गल्लीनं पाहिलं ते सांगते.

गल्लीनं पाहिलं ते हे की मी दुपारी झोपले. पाच दिवसांत पहिल्यांदा, तोंड उघडं टाकून, घोरत. आणि जागी झाले तेव्हा दिवेलागण झाली होती, पाट मांडला होता, पाटा-वरवंट्याला हळदकुंकू लागलं होतं, सटवाईपुढं कोरा कागद आणि बोरू ठेवला होता, घर बायकांनी भरलं होतं आणि लेकरू घरात नव्हतं.

आत्याबाईंचा आवाज वेशीपर्यंत गेला असेल. "सटवाई नशीब लिवायला येनार अन् लेकरूच न्हाई! ती काय पाट्यावर लिवून जाईल?"

पाच दिवस मी ज्याच्याकडं बघत नव्हते ते बाजेवर नाही म्हटल्यावर माझ्या पोटातून आग निघाली. मी उठले. डोक्याचं फडकं सोडून, अनवाणी, दारात जाऊन उभी राहिले आणि ओरडले, "माझं लेकरू कुणी नेलं? माझं लेकरू!"

माझं. तो शब्द मी पहिल्यांदा उच्चारला होता.

आणि तू गल्लीतून येत होतीस. सावकाश, झुलत, जशी नेहमी यायचीस. पोरगी तुझ्या खांद्यावर तट्ट पोटानं झोपलेली. मागं तुझी सून जैनब, तिचं स्वतःचं महिन्याचं पोरगं काखेत घेऊन. आत्याबाईंना काय झालं ते लगेच कळलं. त्या मला म्हणाल्या, "तू धाडलंस का गं? त्यांच्या घरचं दूध पाजायला तू धाडलंस?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मी त्यांच्याकडं पाहिलं, मग तुझ्याकडं बोट केलं आणि म्हणाले, "हिनं नेलं! मला न विचारता नेलं!"

तू थांबलीस. माझ्याकडं एकदा नीट पाहिलंस. मग म्हणालीस, "व्हय माय, न्हाई इचारलं. बाळंतीन झोपली व्हती. लेकरू भुकंनं कळवळून राहिलं व्हतं. मीच नेलं. चुकलं."

"आता सटवाई काय लिवंल हिच्या नशिबात?" आत्याबाई कडाडल्या.

"लिवंल की," तू म्हणालीस, "भरल्या पोटी झोपलेल्या लेकराचं नशीब लिवायला तिलाबी बरं वाटंल."

कुणीतरी फिसकन हसलं. पण त्यापायी गल्लीतली सहा घरं तुला बंद झाली, मलनबी. कुणी तुला तेल लावायला बोलवेना. आत्याबाई म्हणाल्या, उद्यापासून दुसरी दाई. तेव्हा मी बाजेवर उठून बसले आणि सांगितलं, "तीच पाहिजे. मला तिच्याशी रोज भांडायचंय."

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. पण चार दिवस भिंतीकडं तोंड करून पडलेली सून भांडायला मागते आहे, हे पाहून देवऋषी मात्र त्यांनी पुढं ढकलला. तो पुढं ढकललेला अजून यायचा आहे.

मग ते पस्तीस दिवस! बाहेरून ऐकणाऱ्याला वाटे, आत कोंबड्यांची झुंज लागली आहे. मी तुला चोरटी म्हणायची, तू मला तोंडाळ म्हणायचीस. मी म्हणायची तुझा हात खरखरीत, तू म्हणायचीस माझी जीभ. आणि गोधडीखाली रोजचा सौदा चालायचा. आज किती बार रडलीस? सात. उद्या? मी सहा धरायची, तू तीन धरायचीस. मी हात झटकायची. तू चार. मी पाच. तळवा दाबला की पाच ठरले.

रडू नकोस असं तू एकदाही म्हणाली नाहीस. सगळ्या घरानं म्हटलं, "काहून रडतीस, एवढं सोन्यासारखं लेकरू हाय." सोन्यासारखं आहे हे मलाही दिसत होतं गं, म्हणून तर जास्त रडू यायचं. तू फक्त किती ते विचारायचीस. कितीला मर्यादा असते. आकडा धरता येतो, ओढता येतो, खाली आणता येतो.

लेकराचंही तसंच. सुरुवातीला तू माझ्या मांडीवर ते ठेवायचीस ते शेगडीतला गोवरीचा तुकडा राख होईपर्यंत. मी म्हणायची, लहान तुकडा. तू मोठा टाकायचीस. त्यावरून भांडण. एक दिवस गोवरी कधीची विझून गेली होती आणि पोरगी माझं बोट धरून माझ्याकडं बघत होती. तू काही बोलली नाहीस. मी पण नाही. सौद्यात पुढचा माणूस आपणहून वर चढत असेल तर गप्प बसायचं असतं.

मध्येच एखादा दिवस उलटा जायचा. दोनवर आलेली मी एकदम नऊवर गेले. त्या दिवशी मी बोटं दाखवायलाच तयार नव्हते, मला शरम वाटली. तू हात शोधून काढलास, नऊ मोजलेस आणि म्हणालीस, "बराबर. आज बाजार चढलाय. बाजार कधी एका जागी ऱ्हातो का, तूच सांग. तू दलालाची लेक."

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या बापानंही नाही. आज माझ्या दावणीला चाळीस शेळ्या आहेत, बाई असून मी कळमनुरीच्या बाजारात उभी राहते आणि मिशीवाले माझ्याशी जपून बोलतात. त्यांना वाटतं, माझं बळ माझ्या तोंडात आहे. माझं बळ एवढंच की भाव पडला म्हणून मी मरत नाही. उद्या बघू म्हणते. ते तुझं आहे.

हां, पण तो डिंकाचा लाडू तू खाल्लास. सव्वा महिन्याच्या दिवशी, शेवटचा. मी बाजूला ठेवला होता. "मला वाटलं नको असंल," म्हणालीस, तोंड भरलेलं असताना. याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस. आणि काळी चांदणीची शेळी घराला धार्जिणी नसते, असं तू म्हणायचीस तेही चूकच. मला ती दोन वर्षं चांगलीच लाभली, विकली तेव्हा मात्र... बरं, असू दे. एक मुद्दा तुझा.

ती सहा घरं हळूहळू उघडली. पहिलं घर उघडलं ते तिथली सून अडली तेव्हा. तू बोलावणं येताच निघालीस, मानपान न बघता. मी तुला वाटेत गाठून म्हटलं, "त्यांनी आधी नाक घासावं, मग जा." तू म्हणालीस, "लेकरू आडवं हाय गं, त्याला काय ठाव कुनाचं नाक कुठं घासायचं."

तेव्हाच मी खरं सांगायला हवं होतं. पण तोवर उशीर झाला होता, कारण ओरडता ओरडता माझं मलाच खरं वाटायला लागलं होतं. राग असा असतो. तो आधी उसना आणावा लागतो, मग तो घरचाच होऊन बसतो. आणि मला तो लागत होता, मलनबी. तुझ्यावर रागावले नसते तर मी कुणावर रागावले असते हे आपल्या दोघींना ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात हुरडा घेऊन मी तुला बघायला आले. तू बाजेवर, अर्धी झालेली. सांगायचं ठरवूनच आले होते. पण जैनब तिथंच ज्वारी पाखडत होती आणि माझ्या तोंडातून भलतंच निघालं. "कशी आहेस, चोरटे? लेकरू न विचारता नेलंस, आता जायचं तेही न विचारताच का?" तू हसलीस. खोकत खोकत म्हणालीस, "व्हय माय, न्हाई इचारलं." आणि तुझ्या गोधडीखालून तुझा हात आला, माझा शोधला आणि तळवा दाबलास. सौदा पक्का. मी हुरडा जैनबपुढं ठेवला आणि बाहेर पडले.

तर आता रुमाल उचलते. बापाची क्षमा मागून. सौद्यातलं एक माणूस गेलं की दुसऱ्यानं तरी खरं सांगावं.

पाचवीच्या सकाळी, तू माझी बोटं थांबवलीस, त्यानंतर माझ्या कानाशी तू म्हणालीस, "घटकाभर नेऊ? जैनबला दूध हाय. तू झोप. तू म्हनशील तरच." आणि मी तुझा तळवा दाबला. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा इतक्या जोरानं की तुझ्या बांगड्या वाजल्या.

तू विचारलं होतंस. मी हो म्हणाले होते.

परवा हे आत्याबाईंना सांगितलं. त्या आता थकल्यात, दिवसभर ओसरीवर असतात. मी समोर बसले आणि एका दमात बोलून टाकलं, घरातून काढतील तर काढोत म्हणून. त्यांनी सुपारीचं खांड दाढेखाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"गोधडी हलली व्हती. मी काय आंधळी व्हते का? तांदूळ निवडत व्हते, डोळे फुटले नव्हते माजे."

"मग अकरा वर्षं बोलला का नाहीत?"

"तू व्हय म्हनलीस असं कबूल केलं असतं तर मला तुला घरात ठेवता आलं असतं का? भावकी व्हती. अन् तुला काढलं असतं तर माज्या नातीला कुनी पाजलं असतं?" मग सुपारी चघळत म्हणाल्या, "त्या बाईनं तुजी, माजी अन् पोरीची, तिघींची लाज एकटीच्या डोक्यावर घेतली. जा, तिच्या घरी सांगून ये. अन् मोठ्यानं सांग. तसंबी तुला हळू बोलता येत न्हाई."

म्हणून काल आले. भर सकाळी, पाण्याची वेळ, गल्ली भरलेली. पोरीला बरोबर घेतलं. तुमच्या अंगणात उभी राहिले आणि ओरडले, "मलनबीनं विचारलं होतं! मी हो म्हणाले होते! ऐकलं का सगळ्यांनी?"

घागरी जागच्या जागी थांबल्या. जैनब चुलीपासून उठून आली, हाताला पीठ. अकरा वर्षं तिलाही चोरटीची सून म्हणत आले होते मी. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अकरा वर्सं लागली व्हय गं एवढं सांगायला?" ती म्हणाली. "शेळीचा भाव तर एका दमात सांगतीस."

मी मान खाली घातली. लिहून ठेव, मलनबी, असं पहिल्यांदाच झालं. मग तिनं माझ्या पोरीला जवळ घेतलं, तिच्या गालाला पीठ लावलं, आणि दुसरा हात माझ्यापुढं केला, पदर त्याच्यावर टाकून. बोटं तिलाही येतात. तूच शिकवली असणार.

मी पदराखाली हात घातला. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी तळवा दाबला.

काय ठरलं ते बाजाराच्या रिवाजाप्रमाणं मी सांगणार नाही. तुला जाणून घ्यायचं असेल तर विचार. विचारून करणारी बाई आहेस तू, हे आता सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.